तोफ कुणाची? अलिबागची एक ट्रिप आणि माझ्या चॅप्टरमधलं एक वाक्य

माझ्या तिसऱ्या चॅप्टरच्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘आंग्र्यांचं संस्थान खालसा केल्यावर इंग्रजांनी कुलाबा किल्ल्यावर नव्या तोफा आणून तो पुन्हा सज्ज केला.’ मला ते वाक्य फार आवडायचं. पुढची दोन पानं त्याच्याच खांद्यावर उभी होती. मॅडमनी त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’

खरं सांगायचं तर इंटरनेटवरून. कुणीतरी ट्रेकच्या वर्णनात लिहिलं होतं की किल्ल्यावरच्या दोन तोफांपाशी यॉर्कशायरमधल्या एका कारखान्याचं नाव आहे. ते वाचून मी खूश झाले आणि वाक्य ठोकून दिलं. मॅडमनी विचारलं, “तू स्वतः पाहिलंयस का?” म्हटलं, नाही. “मुंबईत राहतेस ना?” त्यावर काय बोलणार! सुधारलेला चॅप्टर सोमवारी द्यायचा होता. म्हणून शनिवारी अलिबाग.

एकटीने जायचा कंटाळा, म्हणून तिघांना ओढलं. त्यांची नावं लिहायची नाहीत अशी सक्त ताकीद आहे, तेव्हा टोपणनावांवर भागवते. भौतिकवाली, म्हणजे भौतिकशास्त्रात पीएचडी करणारी मैत्रीण. बँकवाला, म्हणजे बँकेच्या ऑडिट विभागात नोकरी करणारा शाळेपासूनचा मित्र, ज्याचं आजोळ अलिबागजवळच्या थळचं. आणि माझी रूममेट, जी सध्या पेटची तयारी करते आणि दर दोन तासांनी “विषय कसा सुचतो गं?” असं विचारते. तुमच्यापैकी बरेच जण तिच्याच जागी आहात, म्हणून ही ट्रिप जरा सविस्तर सांगते.

कुलाबा किल्ला समुद्रात आहे. १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याचं काम सुरू झालं, ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठिकाण झाला. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं, भरतीला नाही. म्हणजे आमचं सगळं वेळापत्रक समुद्राच्या हातात.

बँकवाल्याने गुरुवारीच आजीला फोन लावला. आजीने तक्ता पाहिला नाही की काही नाही. “शनिवारी पंचमी ना? पाच पाऊण पावणेचार. नऊच्या आत पोचा नि अकराला निघा.” फोन बंद.

ही पाऊणकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्यात सुमारे सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. कोकणात हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.

भौतिकवालीने तो बोटीतच उलगडायला घेतला. (गेटवेहून मांडव्याला जाणारी पहाटेची बोट, थंडी, आणि ही बया तिकिटाच्या मागे गणित करतेय.) तिचं म्हणणं असं: भरती मुख्यतः चंद्रामुळे येते. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत ३० तिथी आणि त्या काळात चंद्र सूर्यापासून ३६० अंश पुढे जातो. म्हणजे एका तिथीला १२ अंश. पृथ्वीला स्वतःभोवती १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. म्हणून भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटांनी उशिरा येणार. आजीच्या पाऊणकीत ४५ मिनिटं आहेत. तीन मिनिटांचा फरक.

“तीन मिनिटांनी काय बिघडतं?” रूममेट.

“एका दिवसात काहीच नाही. पण पौर्णिमेपर्यंत पंधरा त्रिक पंचेचाळीस मिनिटं झाली की. पाऊणकीने पौर्णिमेची आणि अमावस्येची भरती सव्वाअकराला येते. लगेच दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पुन्हा एकपासून मोजायचं, म्हणजे पाऊण वाजता, पावणेएकला. रोज पाऊण तासाने सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तासाची उडी मारेल का?”

नाही मारत. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते. मग आजीचं चुकलं म्हणायचं का? इथे भौतिकवालीने जे सांगितलं ते मला फार पटलं. ती म्हणाली, ४८ मिनिटं हीसुद्धा सरासरीच आहे. उधाणाच्या दिवसांत भरती रोज त्याहून कमी मिनिटांनी सरकते आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, बऱ्याच जास्त मिनिटांनी. कारण सूर्यसुद्धा ओढत असतो. छापील तक्ते करणारे हे सगळे परिणाम वेगवेगळे मोजून एकत्र करतात. आजीचा हिशोब तोंडी करता यावा म्हणून सोपा केलेला आहे. होडी कधी लोटायची एवढं ठरवायला तो पुरतो, बंदरात मोठं जहाज घ्यायला पुरणार नाही. ‘मॉडेल’ हा शब्द तुम्ही सिनॉप्सिसमध्ये वापराल तेव्हा या पाऊणकीची आठवण ठेवा: ते कशासाठी पुरतं आणि कुठे तुटतं, हे दोन्ही लिहावं लागतं. नुसतं ‘मॉडेल वापरले आहे’ एवढ्याने भागत नाही. आरएसीमध्ये नेमकं तेच विचारतात.

साडेआठला किनाऱ्यावर पोचलो. पाणी अजून पुरतं ओसरलं नव्हतं, घोटे ते गुडघे. पंचमी म्हणजे उधाण उतरून भांगाकडे निघालेलं पाणी, त्यामुळे कोरड्या पायांनी जायची हौस ठेवू नये. घोडागाड्या होत्या, पण आम्ही चपला हातात घेऊन चाललो. बँकवाल्याने पँट दुमडण्यात जो वेळ घालवला त्यात एक घोडागाडी जाऊन परत आली.

किल्ल्यात शिरताना मी वही उघडली. माझी एक सवय सांगते, आवडली तर घ्या. डाव्या पानावर फक्त दिसलेलं लिहायचं, उजव्या पानावर त्याबद्दल जे वाटलं ते. सोपं वाटतं, पण नाही. उदाहरणार्थ, कुलाब्याच्या तटाचे मोठे मोठे दगड चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. हे डावं पान. ‘लाटेचं पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडावा म्हणून मुद्दाम तसं बांधलं’ हे सगळीकडे वाचायला मिळतं, ते उजवं पान. पटण्यासारखं आहे, पाणी फटींत शिरताना दिसतंही. पण बांधणाऱ्याचा हेतू दगडात दिसत नाही. तो म्हणायला वेगळा पुरावा लागतो: एखादं पत्र, हिशोबाचा कागद, किंवा त्याच काळातल्या दुसऱ्या जलदुर्गांशी नीट केलेली तुलना. रूममेटला मी म्हटलं, हा बघ एक विषय. तिने लगेच फोनमध्ये टिपून घेतला.

सिद्धिविनायकाचं देऊळ पाहिलं, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. समुद्राच्या मधोमध असून गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, ती पाहिली. मग उत्तरेकडच्या तटावर, तोफांपाशी.

चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा, तोंड समुद्राकडे. तिथे आधीच एक सहल आलेली होती आणि एक काका मुलांना रंगवून सांगत होते, “कान्होजींनी इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांना याच तोफांनी पळवून लावलं!” मुलं खूश. मी अक्षरं शोधली. सापडली. डॉसन, हार्डी ही नावं, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. मी जवळ जाऊन फोटो काढला, अक्षरं स्वच्छ यावीत म्हणून फोन अगदी टेकवून. डाव्या पानावर अक्षरं उतरवली. उजव्या पानावर लिहिलं: ‘झालं काम!’ शेजारी उद्गारचिन्ह. ते पान अजून माझ्याकडे आहे.

अकरा वाजले होते. आजीची आज्ञा म्हणून निघालो. येताना पाणी मांडीपर्यंत आलं, तेव्हा पाऊणकीबद्दलचा आदर आणखी वाढला. सॅक डोक्यावर घेऊन चालत होते, कारण आत वही होती.

जेवण अलिबागेतल्या एका खानावळीत. सुरमईची थाळी, सोलकढी, चौघंही गप्प. दुसऱ्या भाताला मी विजयी मुद्रेने तोफांचा विषय काढला. युक्तिवाद असा होता: इंग्रज-पोर्तुगीजांची एकत्र मोहीम कुलाब्यावर आली ती १७२१ मध्ये, आणि ती फसली हे खरंच आहे. कान्होजी वारले १७२९ मध्ये. लो मूरचा कारखाना ब्रॅडफर्डजवळ सुरू झाला १७९१ मध्ये. जो कारखाना अजून उभाच राहिला नव्हता, त्याची तोफ १७२१ च्या लढाईत कशी असेल? तेव्हा काकांची गोष्ट बाद. लढाई खरी, विजय खरा, फक्त तोफा त्या नव्हेत. तोंडी चालत आलेल्या गोष्टींचं असं पुष्कळदा होतं. प्रसंग टिकतो आणि जवळ दिसेल त्या वस्तूला जाऊन चिकटतो. त्यामुळे अशी गोष्ट फेकून देऊ नये, तिचे दोन भाग सुटे करून तपासावेत.

हा पुराव्याचा एक फार उपयोगी प्रकार आहे, म्हणून जरा थांबते. एखाद्या वस्तूवर असं काही सापडतं की ते अमुक वर्षाच्या आधी असूच शकत नाही. ती झाली तिची अलीकडची नव्हे, पलीकडची हद्द. त्या वर्षाच्या मागे वस्तू जाऊ शकत नाही. नाण्यावरचा राजा, कागदातला जलचिन्हाचा छाप, पत्रातला एखादा शब्द, सगळ्यांवर ही रीत चालते. वस्तूचं नेमकं वय कळलं नाही तरी कितीतरी शक्यता एका फटक्यात बाद होतात.

“म्हणून,” मी म्हटलं, “या तोफा इंग्रजांनी संस्थान खालसा केल्यावर आणल्या. माझं वाक्य बरोबर.”

बँकवाला बोटं चाटत होता. “खालसा कधी केलं?”

“१८४० च्या सुमारास.”

“आणि कारखाना १७९१ चा. मग मधली पन्नास वर्षं कुठे गेली?”

मी काही बोललेच नाही.

“आंग्र्यांचं राज्य तेव्हा चालू होतं ना? मग त्यांनीच विकत घेतल्या नसतील कशावरून? कंपनीशी तेव्हा त्यांचं भांडण होतं का?”

नव्हतं. त्या काळाच्या शेवटी शेवटी तर आंग्रे कंपनीच्या छायेतच होते. म्हणजे तोफ भेट आलेली असू शकते, विकत घेतलेली असू शकते, किंवा १८४० नंतर इंग्रजांनी आणलेली असू शकते. अक्षरं एवढंच सांगतात की ती कान्होजींची नाही. ‘कान्होजींची नाही’ इथून ‘आंग्र्यांची नाही’ इथपर्यंत मी उडी मारली होती, आणि तिथून पुढे ‘इंग्रजांनी किल्ला सज्ज केला’ ही दुसरी. एका उडीला पुरावा होता, दोनला नव्हता. विभागात तीन सेमिनार झाले, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

एवढ्यावर थांबला असता तर तो ऑडिटवाला कसला! “फोटो दाखव,” म्हणाला. दाखवला. अक्षरं एकदम स्वच्छ. आणि अक्षरांशिवाय फोटोत दुसरं काहीच नाही.

“ही अक्षरं तोफेवर आहेत की गाड्यावर?”

आता बघा, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे. तोफेची नळी आणि तिचा गाडा या दोन वेगळ्या वस्तू. जुन्या नळीला नवा गाडा बसवता येतो, गाडा मोडला तर बदलतातच. नाव गाड्यावर असेल तर १७९१ ची हद्द गाड्याला लागू, नळीला नाही. मग नळी किती जुनी हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उघडा, आणि काकांची गोष्टसुद्धा मी बाद केली तितक्या सहज बाद होत नाही. शिवाय जवळपास वर्षाचा आकडा असेल तर पन्नास वर्षांचं ते सगळं कोडं तिथेच सुटेल. तो होता का? फोन इतका टेकवला होता की कडेला काय आहे ते चौकटीतच आलं नाही. वहीत मी शब्द उतरवले, जागा उतरवली नाही.

तिघांनी आपापल्या परीने आठवायचा प्रयत्न केला. एक म्हणाली गाड्यावर, एक म्हणाली नळीच्या मागच्या बाजूला, तिसऱ्याने तोफ पाहिलीच नव्हती, तो सेल्फी काढत होता. चार जण, दोन तासांपूर्वीची गोष्ट, आणि एकमत नाही. शंभर वर्षांनी लिहिलेल्या आठवणी वाचताना हे लक्षात ठेवा.

आणि किल्ला समोर दिसत होता, पण मध्ये भरती.

दुपारी करायला काहीच उरलं नाही, म्हणून भौतिकवालीच्या हट्टाने भूचुंबकीय वेधशाळेच्या फाटकापर्यंत गेलो. नुसतं बाहेरूनच पाहिलं. पण त्या दिवसातला दुसरा मोठा धडा तिथेच मिळाला. ही वेधशाळा आधी मुंबईच्या कुलाब्याला होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक बदल तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदवले जात होते. मग मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. विजेचा प्रवाह म्हणजे चुंबकीय गडबड, नोंदी बिघडणार. म्हणून शहरापासून दूर जागा शोधली, ती अलिबाग. १९०४ मध्ये इथे काम सुरू झालं. ट्राम विजेवर धावल्या १९०७ मध्ये.

गंमत पुढे आहे. इथली वेधशाळा सुरू झाल्याबरोबर मुंबईची बंद केली नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. का? दोन जागांची मोजमापं तंतोतंत सारखी येणार नाहीत. दोन वर्षं शेजारी-शेजारी ठेवून फरक किती, हे कळलं, की जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. तसं केलं नसतं तर १९०६ नंतर दिसलेला बदल पृथ्वीतला की जागेतला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

“अरे, हे तर रिकन्सिलिएशन,” बँकवाला म्हणाला. जुनी प्रणाली बंद करायच्या आधी नवीबरोबर काही दिवस समांतर चालवतात, तसं. तुम्ही प्रश्नावली मध्येच बदलणार असाल, उपकरण बदलणार असाल, मुलाखती घेणारी व्यक्ती बदलणार असेल, तर थोडे दिवस दोन्ही चालवा. कंटाळवाणं काम आहे, पण नंतर करता येत नाही.

जाता जाता एक छोटी सूचना, विशेषतः इतिहासवाल्यांना. ‘कुलाबा’ हे नाव मुंबईतही आहे आणि इथेही. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होता. १८८३ चं कुलाबा गॅझेटियर इथलं, कुलाबा वेधशाळा तिथली. इंग्रजी कागदांत स्पेलिंगं कशीही. पहिल्या वर्षी मी मुंबईच्या कुलाब्याचे चार कागद अलिबागचे समजून टिपणं काढली होती. ते आठवडे परत मिळत नाहीत.

संध्याकाळच्या बोटीत मी वाक्य पुन्हा लिहिलं. आता ते असं आहे: ‘किल्ल्याच्या उत्तर तटावर दोन तोफा असून तेथे लो मूर (यॉर्कशायर) या १७९१ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याचे नाव आहे, त्या किल्ल्यावर केव्हा व कोणी आणल्या हे केवळ या नावावरून ठरत नाही.’ पुढची दोन पानं काढून टाकली. काढताना जीव तुटला, कारण भाषा छान जमली होती. सोमवारी मॅडमना आहे तसं सांगितलं, फोटोसकट. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “कागद कुठे मिळतील?” एवढंच विचारलं. म्हणजे दारूगोळ्याच्या याद्या, किल्ला ताब्यात घेतानाच्या सामानाच्या नोंदी, मुंबईच्या पुराभिलेखागारात. माझ्या पुढच्या तीन महिन्यांचं काम त्या एका प्रश्नात आलं. रूममेटने विचारलं, विषय असाच सुचतो का? म्हटलं, माझा तरी असाच सुचला. खोडलेल्या वाक्याच्या जागी.

पुन्हा जायचं ठरलंय. आजीला विचारलं, तिने पुढच्या महिन्यातला षष्ठीचा रविवार काढून दिलाय. सहा पाऊण साडेचार, म्हणजे ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. या वेळी यादी आधीच केली आहे: अख्ख्या तोफेचा लांबून फोटो, मग नळीचा आणि गाड्याचा वेगवेगळा, दोन्ही बाजूंनी, मग अक्षरांचा, कडेची मोकळी जागा धरून आणि शेजारी सहा इंची पट्टी ठेवून. अक्षरं कुठे आहेत ते वहीत चित्र काढून. आणि बँकवाल्याला सांगितलंय की सेल्फी किनाऱ्यावर काढ, किल्ल्यावर पट्टी धरायला माणूस लागतो.